विचारा की! : पहाटेचं दूध, १९४३चा जन्म आणि टेस्टमधली तारीख

या महिन्यात आलेल्या पत्रांत सॉफ्टवेअरच्या टेस्टमधल्या तारीख-वेळेच्या तक्रारीच जास्त निघाल्या. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकावर ढकलली आणि इथे सगळी एकाच जातीची घेतली. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, गाव तेवढं छापते.

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही तिघं मित्र मिळून खेड्यांतल्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. संकलन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दहा दिवसांचं बिल, एवढंच. भाषा जावा, डेटाबेस पोस्टग्रेस. टेस्टसाठी दुधाच्या नोंदी आम्ही जनरेट करतो. आजची तारीख घ्यायची, त्या दिवसाच्या शंभर नोंदी टाकायच्या, मग 'आजचं संकलन' हा रिपोर्ट मागवून लिटर जुळतात का बघायचं. लॅपटॉपवर कधीही चालवा, हिरवं, म्हणजे पास. सर्व्हरवर दिवसा चालवा, हिरवं. रात्री दोनला आपोआप बिल्ड होतो (सगळा कोड नव्याने बांधून टेस्ट चालतात) तो मात्र लाल, रिपोर्टमध्ये शून्य लिटर. सकाळी उठून परत चालवलं की काहीच झालं नसल्यासारखं हिरवं. डोकं फिरालंय. कोडचा तुकडा जोडलाय. – एक वाचक, निपाणी

उत्तर : रात्री दोनला निपाणीत नवी तारीख लागून दोन तास झालेले असतात. युटीसीत, म्हणजे ग्रिनिचवरून मोजायच्या जागतिक प्रमाणवेळेत, मात्र आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठच वाजलेले असतात. घोळ एवढाच आहे, आणि तो रोज रात्री बारा ते पहाटे साडेपाच एवढ्याच वेळात दिसतो. बाकी वेळ दोन्हीकडे तारीख एकच.

लॅपटॉपवर का दिसत नाही? तिथे जावाचा झोन (घड्याळ कुठल्या प्रदेशाचं ते) एशिया/कोलकाता, म्हणजे भारताची वेळ. जावाला पोस्टग्रेसशी जोडणारा ड्रायव्हर कनेक्शन जोडतानाच जावाचा झोन डेटाबेसच्या सेशनला (त्या जोडणीला) सांगून टाकतो. म्हणजे पोस्टग्रेसचा कंटेनर (तो ज्यात वेगळा चालतो ती डबी) युटीसीत असला तरी तुमच्या सेशनपुरती 'करंट डेट', म्हणजे डेटाबेसची आजची तारीख, भारताचीच. सर्व्हरवर जावा युटीसीत, म्हणून सेशनही युटीसीत. आणि तुमच्या तुकड्यात जनरेटरने तारीख काढताना कोलकाता झोन स्पष्ट लिहिलाय, क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) मात्र नुसती 'करंट डेट' आहे. एक जण भारतातली आज म्हणतोय, दुसरा ग्रिनिचची आज म्हणतोय.

आता टेस्ट जरा बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष संस्थेत काय होईल ते बघा. पहाटे पाचला दार उघडतं. रांगेत पहिली उभी राहिलेली बाई किटली पुढे करते, काटा, मशीन, पावती, पाच वाजून दहा मिनिटं. युटीसीत तेव्हा आदल्या दिवसाचे २३:४० झालेले असतात. तुमची क्वेरी युटीसीच्या दिवसाने बेरीज करत असेल तर तिचं दूध कालच्या रकान्यात गेलं. साडेपाचनंतर जे आले त्यांचं आजच्यात. रोजच थोडं थोडं मागे सरकत असल्यामुळे एकूण लिटर बघणाऱ्याला काही वाटत नाही, पण दहा तारीख, वीस तारीख आणि महिनाअखेर आली की एका बिलातलं दूध दुसऱ्या बिलात जातं. नुकसान कुणाचं? सगळ्यांत लवकर उठणाऱ्याचं. तेव्हा त्या लाल टेस्टला 'परत चालवा' म्हणून गप्प करू नका.

दुरुस्ती अशी. जनरेटरने घड्याळाकडे बघायचंच नाही. टेस्टच्या सुरुवातीला एक ठरलेला क्षण लिहा आणि सगळ्या नोंदी त्याच्यापासून मोजून काढा. जावात 'क्लॉक' आहे ते याच कामासाठी. ते कोडला बाहेरून द्या : टेस्टमध्ये गोठवलेलं, प्रत्यक्षात खरं. क्वेरीतली 'करंट डेट' काढून टाका, कारण डेटाबेसचं घड्याळ तुम्हाला सहजी गोठवता येत नाही. त्याऐवजी कोलकाता झोनमधल्या दिवसाची सुरुवात आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात असे दोन क्षण काढून क्वेरीला पाठवा. पहिला धरून, दुसरा सोडून. क्वेरीत 'बिटवीन' (यापासून त्यापर्यंत, दोन्ही टोकं धरून) घालून दिवस २३:५९:५९ ला संपवणारे अजून भेटतात. त्या सेकंदाच्या पोटात आलेली नोंद मग कुठल्याच दिवसात जात नाही.

दुसरं म्हणजे शंभर नोंदी दिवसभरात वाटेल तशा उधळून फार काही हाती लागत नाही. तुमच्या शंभरांतल्या बहुतेक भलत्याच वेळी पडणार, दूध संस्था बंद असताना! त्यापेक्षा मोजक्या वेळा हाताने निवडा. रात्री बरोबर बारा. पहाटे ५:१०. ५:२९:५९. बरोबर ५:३०. संध्याकाळच्या संकलनातली एखादी. रात्री बाराच्या आधीचा शेवटचा मायक्रोसेकंद. हे सगळं एकदा साध्या दिवशी आणि एकदा १ एप्रिलला करा. १ एप्रिलला भारतात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा युटीसीत ३१ मार्चचे १८:३० असतात, म्हणजे तारीखच नाही तर आर्थिक वर्षही मागचं. पावती क्रमांकांची मालिका वर्षाला नव्याने सुरू होत असेल तर ही गोष्ट ऑडिटरच्या आधी तुम्हाला कळलेली बरी. उरलेल्या नोंदी मग खुशाल रँडम करा, फक्त सीड, म्हणजे ज्या आकड्यावरून रँडम मालिका निघते तो, लॉगमध्ये छापा. नाहीतर रात्री पडलेली टेस्ट सकाळी परत पाडून दाखवता येत नाही.

आणि अपेक्षित उत्तर हाताने लिहा हो. 'दोन एप्रिल, पहाटे ५:१०, म्हणजे युटीसी एक एप्रिल २३:४०' असं अक्षरशः टेस्टमध्ये लिहून ठेवा. तुमच्या तुकड्यात अपेक्षित तारीख काढायला तेच फंक्शन वापरलंय जे खऱ्या कोडमध्ये आहे. फंक्शन चुकलं तर दोन्हीकडे सारखंच चुकणार आणि टेस्ट हिरवीच राहणार.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यांत कामाचं. बहुतेक लोक असल्या घोळाला वैतागून सगळीकडे युटीसी करून टाकतात : लॅपटॉप, सर्व्हर, डेटाबेस. प्रत्यक्ष चालणाऱ्या सर्व्हरसाठी ते ठीक. टेस्टमध्ये मी उलट सांगते : घड्याळं मुद्दाम वेगवेगळी लावा. टेस्टच्या जावाला पॅसिफिक/किरितिमाती द्या, तो युटीसीच्या १४ तास पुढे. डेटाबेस सेशनला होनोलुलू द्या, १० तास मागे. ड्रायव्हर जावाचा झोन सेशनला लावणार, म्हणून कनेक्शन पूलला (जोडण्या तयार ठेवणाऱ्या लायब्ररीला) जोडणीनंतर चालवायचं वाक्य देऊन सेशनचा झोन बदलावा लागेल. हिकारी नावाच्या पूलमध्ये ती सोय आहे. या दोन झोनांत बरोबर चोवीस तासांचं अंतर आहे, म्हणजे काटे तेच पण तारीख कायम वेगळी. संस्थेचा झोन अर्थातच कोलकाता. आता कुठेही कुणी झोन न सांगता 'आजची तारीख' मागितली तर त्या ओळीला रात्री दोनची वाट बघावी लागत नाही. डेटाबेसातली असेल तर दुपारी साडेतीनच्या आधी, जावातली असेल तर साडेतीननंतर, तुमच्यासमोर, तुमच्याच लॅपटॉपवर लाल होते.

प्रश्न : मॅडम, विंडोज लॅपटॉप आहे. टेस्टकंटेनर्सने (टेस्टपुरता डेटाबेस कंटेनरमध्ये उभा करणारी लायब्ररी) पोस्टग्रेसची नवी इमेज (कंटेनरचा तयार साचा) ओढली आणि कालपर्यंत चालणाऱ्या सगळ्या टेस्ट पहिल्याच कनेक्शनला मेल्या. 'टाइमझोन'ला 'एशिया/कलकत्ता' ही किंमत चालत नाही असा फेटल एरर येतो. मी तर कोडमध्ये कलकत्ता कुठे लिहिलेलंच नाही. – एक वाचक, खानापूर

उत्तर : तुम्ही नाही, जावाने लिहिलंय. विंडोजमधल्या भारतीय वेळेला जावा 'एशिया/कलकत्ता' हे जुनं नाव देतो, ड्रायव्हर ते तसंच पोस्टग्रेसकडे पाठवतो. डेबियन या लिनक्सच्या नव्या आवृत्तीत जुनी झोन-नावं मुख्य पॅकेजमधून काढून वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवली आहेत आणि नवी इमेज त्यावर उभी आहे. तिला ते नाव ओळखू येत नाही. टेस्ट चालवताना जावाला 'युजर.टाइमझोन' ही प्रॉपर्टी देऊन टाका. 'एशिया/कोलकाता' दिलंत तरी गाडी चालू होईल, पण वर निपाणीकरांना जे सांगितलं ते तुम्हीही केलंत तर एका दगडात दोन पक्षी.

तुमच्या पत्रासोबत आलेली सीड फाइलही (टेस्टआधी डेटाबेसात भरायच्या नोंदींची) बघितली. त्यात वेळेपुढे 'आयएसटी' लिहिलंय, ते आधी काढा. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये आयएसटी म्हणजे इस्राएलची वेळ, युटीसीच्या दोन तास पुढे. तुमची सकाळी दहाची नोंद साडेतीन तास सरकून दुपारी दीडला जाऊन बसेल. १८व्या आवृत्तीपासून सेशनचा झोन कोलकाता असेल तर आयएसटी आपली धरतात, पण सेशन युटीसीत असलं की परत इस्राएलच. आणि 'युटीसी+५:३०' असं झोनचं नाव म्हणूनही लिहू नका. त्या लिहिण्यात अधिकची खूण पश्चिमेला मोजतात, म्हणजे एकदम अकरा तासांचा फरक. वेळेच्या मागे नुसतं +०५:३० लिहिलंत तर ते बरोबर वाचलं जातं.

प्रश्न : मॅडम, मी एका पतसंस्थेचा निवृत्त मॅनेजर. आता पुतण्याच्या सॉफ्टवेअर धंद्यात बसतो, हिशेबाची बाजू बघतो. आपल्या देशात वेळ एकच. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत साडेपाच तास. तो एकदा मिळवला की विषय संपला, अशी माझी समजूत आहे. पण ही पोरं दिवसभर झोन झोन करत बसतात. बरं, करूनही त्यांची टेस्ट नीट नाही. टेस्टमध्ये एक काल्पनिक सभासद तयार होतो, जन्मतारीख १९३०नंतरची कुठलीही. तो डेटाबेसात घालायचा, परत काढायचा, जुळवायचा. बहुतेक वेळा जुळतं. वीसेक वेळा चालवली की एखाद्या वेळी जन्मतारीख एक दिवस मागे जाते. मी बाजूला बसून टिपण ठेवलं, तर फेल होणारा सभासद दरवेळी म्हाताराच निघतो. हे काय गौडबंगाल? – एक वाचक, संकेश्वर

उत्तर : काका, पोरांना जे सापडलं नाही ते तुम्ही टिपणवहीत पकडलंत. तुमचे ते म्हातारे सभासद १९४१ची अखेर ते १९४५ या दरम्यान जन्मलेले असणार. बघा टिपण काढून.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने देशाचं घड्याळ एक तास पुढे केलं होतं. १९४२च्या सप्टेंबरपासून १९४५च्या १५ ऑक्टोबरपर्यंत भारताची वेळ युटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. त्याआधीचाही काही महिन्यांचा एक तुकडा असाच आहे. संगणकांत जो जगभरचा टाइमझोन डेटाबेस असतो त्यात एशिया/कोलकाता या नावाखाली हा सगळा इतिहास नोंदलेला आहे. जावा तो पाळतं, पोस्टग्रेसही पाळतं. '+५:३०' एवढंच लिहिणारा कोड मात्र पाळत नाही, कारण त्याला इतिहासच नाही.

आता एक सभासद घ्या, जन्म १० जून १९४३. पोरांनी जन्मतारखेला रात्री बाराची वेळ चिकटवून क्षण केला असणार. कोलकाता झोनने तो क्षण युटीसीत होतो ९ जूनचे १७:३०. परत वाचताना दुसऱ्या कुणीतरी नुसते साडेपाच तास मिळवले. झाले ९ जूनचे रात्रीचे अकरा. तारीख गेली एक दिवस मागे. हाच सभासद १९५३ साली जन्मला असता तर १८:३० अधिक ५:३०, बरोबर बारा, काही बिघडलं नसतं. १९३० ते आजच्या तरुणांपर्यंतच्या पंचाहत्तर वर्षांच्या पट्ट्यात ही युद्धाची साडेतीन-पावणेचार वर्षं. वीसेक वेळांत एखादी लागते ती अशी.

उपाय जन्मतारखेपुरता सोपा आहे : तिला वेळच नको. डेटाबेसात 'डेट' प्रकारचा रकाना, जावात 'लोकलडेट', मध्ये कुठेही क्षण नाही, झोन नाही. कुणी रात्री बाराला जन्मलं म्हणून आपण तारीख लिहीत नाही. तारीख ही तारीख असते, तशीच ठेवावी. ठेवीची मुदत, व्याजाची तारीख, सभासद झाल्याची तारीख, सगळं त्यातच येतं. पैसे जमा झाल्याची वेळ मात्र क्षण असतो, तिथे झोन लागतो. आणि पोरांना सांगा, १० जून १९४३ ही तारीख टेस्टमध्ये कायमची ठेवा, रँडमवर सोडू नका. ज्येष्ठांचं वय एका दिवसाने चुकलं की अर्धा टक्का जादा व्याजावरून काउंटरवर काय होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय.

'देशात वेळ एकच' याबद्दल जाता जाता. मुंबईने तर आपली वेगळी वेळ, युटीसीच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, १९५५पर्यंत टिकवली होती, आणि आपला बेळगाव जिल्हा १९५६पर्यंत मुंबई राज्यातच होता. सूर्याला विचाराल तर बेळगाव साडेचौऱ्याहत्तर रेखांशाच्या आसपास, देशाची वेळ ठरते साडेब्याऐंशीवर. म्हणजे आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो तोच सरासरी साडेबारा वाजून गेल्यावर.

प्रश्न : नमस्कार. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांसाठी आम्ही डिस्पॅच आणि शिपमेंटचं सॉफ्टवेअर करतो. कास्टिंग अमेरिका आणि जर्मनीला जातं, तिकडच्या गोदामांच्या स्थानिक वेळा सांभाळाव्या लागतात. टेस्टसाठी न्यूयॉर्कच्या स्थानिक वेळा रँडम जनरेट करतो. कधीतरी २:३० घातलेली वेळ ३:३० होऊन परत येते. आणि एकदा जावाने काढलेलं उत्तर आणि एसक्यूएलने (म्हणजे डेटाबेसच्या क्वेरीने) काढलेलं उत्तर यांत बरोबर एक तासाचा फरक आला. बग कुणाचा म्हणायचा, जावाचा की पोस्टग्रेसचा? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : दोघांचाही नाही. तुम्ही अस्तित्वातच नसलेली वेळ जनरेट केलीत, आणि दुसऱ्या खेपेला दोनदा आलेली.

२०२६चं उदाहरण घ्या. ८ मार्चला न्यूयॉर्कमध्ये उन्हाळी वेळ सुरू होते : रात्री दोन वाजले की काटा थेट तीनवर जातो. त्या रात्री अडीच वाजलेच नाहीत. तुम्ही अडीच मागितलेत तर जावा आणि पोस्टग्रेस दोघंही साडेतीन देतात, इथे त्यांचं जमतं. १ नोव्हेंबरला उलट. दोनला काटा परत एकवर येतो, म्हणून दीड दोनदा वाजतात. नुसतं 'दीड' म्हटल्यावर जावा पहिला दीड धरतं, उन्हाळी वेळेतला, युटीसीच्या चार तास मागचा. पोस्टग्रेस दुसरा धरतं, पाच तास मागचा. दोघंही आपापल्या कागदपत्रांत लिहिल्याप्रमाणेच वागतात. तुमचा तो एक तास इथून आला.

म्हणून जनरेट करताना उलट्या दिशेने या. आधी युटीसीतला क्षण रँडम काढा, मग त्याची न्यूयॉर्कमधली वेळ काय ते काढा. क्षणाला नेहमी एक आणि एकच स्थानिक वेळ असते. स्थानिक वेळेला कधी एक क्षण असतो, कधी एकही नाही, कधी दोन. पायथन वापरणारे 'हायपोथिसिस' ही टेस्टची लायब्ररी घेत असतील तर तिच्यात काल्पनिक, म्हणजे न वाजलेल्या, वेळा वगळायची सोयच आहे. 'फेकर' (खोट्या नोंदी बनवणारी लायब्ररी) मात्र तुम्ही झोन दिला नाहीत तर बिनझोनाची वेळ हातात ठेवतो, त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका.

पण गोदामाचा माणूस स्क्रीनवर वेळ टाइप करतो तेव्हा तो स्थानिकच टाइप करणार, त्याला युटीसीशी काय घेणं? ती वाट वेगळी, तिच्या टेस्टही वेगळ्या आणि नावानिशी लिहिलेल्या हव्यात : न वाजलेले अडीच, दोनदा वाजलेले दीड. अशा वेळी सॉफ्टवेअरने नकार द्यायचा की विचारायचं की गुपचूप पुढे सरकायचं हे ग्राहकाशी बोलून ठरवा. लायब्ररी जे करेल ते आपलं धोरण, असं होऊ देऊ नका.

झोन किती घ्यायचे? सगळ्या जगाची यादी फिरवण्यात अर्थ नाही, बिल्ड तेवढा लांबतो. मी घेईन ते हे : कोलकाता, न्यूयॉर्क, बर्लिन हे तुमच्या धंद्यातले. काठमांडू, कारण त्यांचे पावणेसहा तास, आणि ऑफसेट (युटीसीपासूनचं अंतर) अर्ध्या तासाच्या पटीतच असतो असं धरून बसलेला कोड तिथे उघडा पडतो. लॉर्ड हाऊ नावाचं ऑस्ट्रेलियाचं एक बेट, तिथे उन्हाळी वेळ फक्त अर्ध्या तासाने सरकते. आणि टोकाचे म्हणून किरितिमाती.

अमेरिका आणि युरोप एकाच दिवशी काटे फिरवत नाहीत, तेही टेस्टमध्ये घ्या. २०२६मध्ये अमेरिका ८ मार्चला, युरोप २९ मार्चला. मधल्या तीन आठवड्यांत बेळगाव आणि न्यूयॉर्कमधलं अंतर साडेदहावरून साडेनऊवर आलेलं असतं, पण बर्लिनचं साडेचारवरच असतं. परतीला युरोप २५ ऑक्टोबरला, अमेरिका १ नोव्हेंबरला. त्या आठवड्यातली एक शिपमेंट टेस्टमध्ये ठेवाच. पुढच्या वर्षीच्या भेटीची वेळ साठवायची असेल तर नुसता युटीसी क्षण साठवू नका, स्थानिक वेळ आणि झोनचं नाव दोन्ही साठवा. सरकारं हे नियम बदलत असतात, आणि जावा, कंटेनर, डेटाबेस या प्रत्येकाकडची नियमांची आवृत्ती वेगळी असू शकते.

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये ऑब्जेक्ट सेव्ह करून लगेच वाचतो आणि दोन्ही सारखे आहेत का तपासतो. माझ्या लिनक्सवर फेल, मैत्रिणीच्या मॅकवर पास. छापून बघितलं तर वेळ अगदी तीच दिसते. शिवाय 'सगळ्यांत नवी नोंद वर' ही टेस्ट कधी पास, कधी फेल. सर म्हणतात टेस्टसाठी एचटू हा छोटा डेटाबेस वापर, भानगडच नको. – एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : वेळ तीच दिसते कारण तू सेकंदापर्यंतच छापतोयस. लिनक्सवर नवं जावा नॅनोसेकंदापर्यंत वेळ देतं, म्हणजे दशांशानंतर नऊ आकडे. मॅकवर मायक्रोसेकंद, सहा आकडे. पोस्टग्रेस सहाच ठेवतं. तुझे शेवटचे तीन आकडे जाताना गळाले, मैत्रिणीचे मुळात नव्हतेच. जनरेटरमधून बाहेर पडतानाच वेळ मायक्रोसेकंदाला कापून घे. तुलना सैल करून 'एका सेकंदाच्या आत असलं तर चालेल' असं लिहू नकोस, त्या फटीतून पुढे खरे बग निसटतात. मायएसक्यूएल वापरणाऱ्या मित्रांनाही सांग : 'डेटटाइम'ला अचूकता दिली नाही तर ते पूर्ण सेकंदालाच ठेवतं, आणि कापत नाही, जवळच्या सेकंदाला नेतं. रात्रीचे २३:५९:५९.६ घातलेस तर नोंद दुसऱ्या दिवशी उगवते. तसंच त्यातला 'टाइमस्टॅम्प' हा प्रकार १९ जानेवारी २०३८पर्यंतच जातो. रँडम तारखा २०५०पर्यंत काढणारा जनरेटर तिथे आपटेल, तेव्हा घाबरू नकोस.

सरांचा मान राखून सांगते, एचटू नको. तारीख-वेळेच्या बाबतीत प्रत्येक डेटाबेसचं वागणं वेगळं असतं, आणि तुला तपासायचंय ते नेमकं तेच वागणं. जो डेटाबेस शेवटी वापरणार तोच कंटेनरमध्ये उभा कर.

नव्या नोंदीच्या टेस्टचं कारण वेगळं आहे. तुझी टेस्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या किंवा एकत्रच रद्द होणाऱ्या बदलांच्या गठ्ठ्यात) चालते आणि शेवटी सगळं मागे घेते, बरोबर? पोस्टग्रेसमध्ये 'नाऊ' म्हणजे ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ. त्या ट्रान्झॅक्शनमध्ये घातलेल्या सगळ्या नोंदींना मायक्रोसेकंदापर्यंत तीच वेळ मिळते. मग नवी कुठली आणि जुनी कुठली हे डेटाबेसने कसं ठरवायचं? तो मिळेल त्या क्रमाने देतो. 'क्लॉक टाइमस्टॅम्प' हे फंक्शन खरी चालू वेळ देतं, पण त्याच्या नादी लागू नकोस. टेस्टमधल्या नोंदींना वेळ तूच दे, एकेका मिनिटाच्या अंतराने. आणि प्रोजेक्टच्या क्वेरीत वेळेनुसार क्रम लावल्यावर पुढे आयडीचाही क्रम जोड, कारण खऱ्या वापरातही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन नोंदी पडणारच आहेत.